मगदूम बाईंचा गुरुवारचा तास

बाईंच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी त्यांना मायाळू म्हटलं. एक जण तर त्यांना विद्यार्थ्यांची आई म्हणाला. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द बोलायची रीत आहे, हे मला कळतं. पण ज्या बाईंनी आयुष्यभर एकेक शब्द तोलून वापरला, त्यांच्यावर असा हाताला येईल तो शब्द फेकायचा म्हणजे काय? उठून बोलावं असं दोनदा मनात आलं. पण मी मार्केट यार्डात गूळ विकणारा माणूस. विद्यापीठाच्या हॉलमध्ये माझं ऐकणार कोण? शिवाय मी बोललो असतो तर रागानंच बोललो असतो. म्हणून गप्प घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

मगदूम बाई मायाळू नव्हत्या. त्यांनी मला ट्यूटोरियलला दहापैकी दोन मार्क दिले होते आणि ते शेवटपर्यंत वाढवले नाहीत.

बाई विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवायच्या. उंचीनं लहान, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि बारा महिने हातात छत्री. चालताना छत्रीचं टोक फरशीवर वाजायचं. तो आवाज व्हरांड्याच्या टोकाला आला की वर्गातला दंगा आपोआप बसायचा. गाव सीमेकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द यायचा. लग्न केलं नव्हतं. राजारामपुरीत एका वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांच्या थोरल्या बहीण, दोघीच राहायच्या. बहिणीला त्या अक्का म्हणायच्या, आणि अक्कांचं नाव निघालं की तेवढ्यापुरता त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

वर्गात सगळ्यांना अहो-जाहो. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना कुणी कधी अहो म्हटलेलं नसतं, त्यामुळं पहिल्या दिवशी सगळी सुखावायची. दुसऱ्या दिवशी कळायचं की हे अहो म्हणजे कापायच्या आधी सुरीला लावलेली धार आहे. एकदा मी मागच्या बाकावर डुलकी घेत होतो. पहाटे चारला यार्डात कामाला जाऊन मग अकराच्या तासाला यायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. बाई शिकवता शिकवता थांबल्या आणि म्हणाल्या, "चौगुले, आपण झोपला आहात की विचार करताय? दोन्ही चालेल. फक्त घोरू नका."

विद्यापीठाच्या आवारात मोर फार. ऐन तासात एखादा खिडकीखाली येऊन ओरडायचा. बाकीचे प्राध्यापक आवाज चढवून पुढं बोलायचे. बाई थांबायच्या. त्याचं पुरतं होऊ द्यायच्या, मग अर्धं राहिलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायच्या. एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही.

छान या शब्दाला त्यांच्या वर्गात बंदी होती. कविता छान आहे असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, तो शब्द बाहेर चपलांजवळ ठेवून या आणि मग सांगा.

आणि त्यांचा साकु. साकु म्हणजे कानडीत पुरे. कुणाला वाचायला उभं केलं की तो शब्द ऐकू आल्यावर थांबायचं, मग वाक्य अर्ध्यावर असलं तरी. आणि तो शब्द येईपर्यंत थांबायचं नाही. एकदा माळी नावाच्या मुलीला त्यांनी वाचायला लावलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या. माळी वाचतेय, वाचतेय. घसा कोरडा पडला. तास संपला, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, बाई विसरल्या. तेव्हा त्या सावकाश वळल्या, साकु म्हणाल्या आणि पुढं म्हणाल्या, "मी ऐकत होते. शेवटून तिसऱ्या ओळीत एक शब्द आपण गाळलात."

माझ्या धंद्याच्या दृष्टीनं त्यांचा एक दोष मात्र भयंकर होता. त्या घासाघीस करत नसत. रविवारच्या बाजारात मी त्यांना भाजी घेताना पाहिलंय. भाव विचारायच्या. पटला तर घ्यायच्या, नाही पटला तर पुढं चालू लागायच्या. भाजीवाली मागून ओरडायची, अवो बाई, तुमी काय देताय ते तरी सांगा की. बाई वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या की घासाघीस म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून खोटं बोलणं. ती वाढवून सांगते, आपण पाडून मागतो, दोघांनाही खरं ठाऊक असतं. मग पहिल्यांदाच खरं का सांगू नये? माझा सगळा जन्म घासाघिशीत गेलाय. माणूस किती ताणतो आणि कुठं सोडतो यावरून त्याची पारख होते, असं माझं मत. बाईंच्या पुढं हे मत कधी चाललं नाही.

आता ट्यूटोरियलचं सांगतो.

माझे वडील यार्डात हमाल होते. गुळाचे रवे, त्या जड ढेपा, वाहून वाहून त्यांची कंबर गेली आणि पुढं आतलंही काहीतरी बिघडलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी असताना ते दवाखान्यात पडून होते. दुखायचं, झोप लागायची नाही. मी साहित्याचा विद्यार्थी, पण घरात पुस्तक एकच, माझ्या धाकट्या बहिणीचं चौथीचं मराठीचं. ते मी पिशवीत टाकून दवाखान्यात न्यायचो आणि वडिलांना वाचून दाखवायचो. त्यात एक धडा होता. एका म्हातारीची शेळी माळावर हरवते. म्हातारी दिवसभर शोधते, मिळत नाही. संध्याकाळी घरी येऊन बघते तर शेळी दारात उभी. एवढाच धडा. वडिलांना अक्षरओळख नव्हती. डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "शेळी आली का रं?" मी म्हणायचो, यायची हाय अजून. शेळी यायच्या आतच त्यांना झोप लागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धडा. शेळी येते हे त्यांना ठाऊक होतं, तरी तोच पाहिजे.

त्याच दिवसांत बाईंनी ट्यूटोरियल दिलं. मला भावलेलं पुस्तक. वर्गातल्यांनी जाडजूड कादंबऱ्या निवडल्या. मी चौथीचं मराठीचं पुस्तक निवडलं आणि यार्डात गुळाच्या ढेपांवर बसून चार पानं लिहिली. हे पुस्तक वाचून बरं वाटतं, मन शांत होतं, झोप लागते, असं बरंच काही लिहिलं. वडील दवाखान्यात आहेत हे लिहिलं नाही. ते आमच्या घरातलं होतं.

कागद परत द्यायच्या दिवशी बाईंनी माझं ट्यूटोरियल दोन बोटांनी कोपऱ्यात धरून वर उचललं. घडीतून मुंग्या निघत होत्या. गुळाचा हात लागलेला कागद, दोन आठवडे त्यांच्या कपाटात राहिलेला. बाई म्हणाल्या, "चौगुले, आपलं लेखन गोड आहे असं मुंग्यांचं मत आहे. माझं नाही."

वर्ग हसला. मी पण हसलो, दुसरं करणार काय. जागेवर येऊन कागद उघडला. दहापैकी दोन, आणि खाली लाल शाईत एकच ओळ. बरं वाटणं हा निकष नाही.

पुढच्या महिन्यात वडील गेले. मी विभागात परत गेलो नाही. मगदूम बाईंमुळं माझं एम.ए. सुटलं असं मी पुढं पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. बायकोला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, दुकानात चहाला बसलेल्या व्यापाऱ्यांना सांगितलं. खरं बघायला गेलं तर वडिलांच्या जागी यार्डात कुणीतरी उभं राहणं भाग होतं आणि बाईंनी दहापैकी दहा दिले असते तरी मी परत गेलो नसतो. पण राग कुणावर तरी धरावा लागतो. मी हमाली केली, मग दलाली, मग स्वतःचं दुकान टाकलं. सौद्याला मी उभा राहिलो की समोरचा सावध होतो, इतकं नाव कमावलं. ती लाल ओळ मात्र गेली नाही. गिऱ्हाइकाशी भांडण झालं, रक्त चढलं, की मधेच ती आठवायची आणि मग भांडण भलतीकडंच जायचं.

माझी मुलगी ऋतुजा मराठीतच एम.ए. करायचं म्हणाली तेव्हा मी आठ दिवस घरात बोललो नाही. बँकेच्या परीक्षा दे, नोकरीला लाग, हे सगळं सांगून झालं. ती हटून बसली. विद्यापीठात गेली. आणि दिवाळीपर्यंत पोर निम्मी झाली. लहानपणापासून जेवताना ताटाशेजारी पुस्तक धरणारी मुलगी, आता पुस्तकाकडं बघेना. रात्र रात्र छताकडं बघत पडायची. शेवटी आईजवळ बोलली. आईनं मला सांगितलं. तिला वाचता येईना झालं होतं. ओळ वाचली की यावर प्रश्न काय येईल हेच दिसायचं. हात आपोआप पेन्सिलीकडं जायचा. आवडती पुस्तकं काढून बघितली, तीही तशीच झाली होती. ज्यात शिरून ती इतकी वर्षं निवांत व्हायची, ते दारच बंद झालं होतं.

मी ठरवून टाकलं. विभागातनं नाव काढून घ्यायचं आणि पोरीला दुकानात बसवायचं. सोमवारी विद्यापीठात जाणार होतो. त्याच्या आधीच्या गुरुवारी ती घरी आली, पोटभर जेवली आणि दिवे लागायच्या आत झोपली. मी खोलीत डोकावलो. उशीपाशी एक पातळसं पुस्तक उपडं पडलं होतं. उचललं. चौथीचं मराठी. जुनं, माझ्या बहिणीच्या वेळचं. चाळलं तर म्हातारी आणि शेळी.

सकाळी विचारलं, हे कुठनं आणलंस?

"मगदूम मॅडमच्या तासाचं हाय, पप्पा. गुरुवारचा तास असतो."

मग तिनं सगळं सांगितलं. गुरुवारी तीन वाजता, टोकाच्या खोलीत. हजेरी नाही. पेन, पेन्सिल, फोन दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकून आत जायचं. शाळेतली जुनी मराठीची पुस्तकं, तिसरी ते सातवी. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी बाकावर डोकं टेकून ऐकायचं. वाचणाऱ्यानं अभिनय करायचा नाही, सरळ वाचायचं. झोप लागली तर लागू द्यायची. रडू आलं तर शेजाऱ्यानं बघायचं नाही. तास संपल्यावर कुणी कुणाला काय वाटलं हे विचारायचं नाही. विभागातली पोरं सगळीकडनं येतात, शाहूवाडीच्या डोंगरातनं, इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांतनं, आणि अर्ध्यांची अवस्था माझ्या मुलीसारखीच झालेली. ती सगळी त्या खोलीत यायची.

ऋतुजा सांगत होती आणि माझ्या कानशिलातनं वाफ निघत होती. ज्या गोष्टीसाठी मला भर वर्गात मुंग्यांवरनं हसं केलं, तीच गोष्ट बाई आता स्वतःच्या नावावर चालवत होत्या. सोमवारी मी गेलो नाही. गुरुवारी गेलो.

दाराजवळ बाई स्वतः उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, छत्री तीच असावी. मला त्यांनी ओळखलं नाही. माझ्या खिशाकडं बोट करून म्हणाल्या, "पेन डब्यात टाका पावणं, आणि भांडायचं असेल तर तासानंतर." माझ्या तोंडावर ते दिसत असणार. मी पेन टाकलं आणि मागच्या बाकावर बसलो. चौदा-पंधरा पोरं-पोरी होती. शाहूवाडीकडची एक मुलगी वाचत होती, अगदी सपाट आवाजात, जशी बाजाराची यादी वाचावी. नेमका शेळीचाच धडा. मी भांडणाची वाक्यं जुळवत बसलो होतो. पण म्हातारी माळावर निघाली आणि मला दवाखान्यातली ती खाट दिसायला लागली. पुढच्या बाकावर कुणीतरी मुसमुसत होतं. कुणी वळून बघितलं नाही, मीही नाही. शेळी दारात आली तेव्हा मी बाकावर डोकं टेकलेलं होतं. बाईंचा साकु ऐकू आला तेव्हा वर उचललं.

मग त्यांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं आणि म्हणालो, "बाई, हे माझं हाय."

"काय आपलं आहे?"

"चौथीचं पुस्तक. शेळी. बरं वाटणं. सगळं."

त्या चष्म्यावरनं बघत राहिल्या. आपण कोण, म्हणाल्या.

"चौगुले. दहापैकी दोन."

 बाई हळूच म्हणाल्या, "मुंग्या."

मला वाटलं, आता माफी येणार. मी ती घ्यायला तयार होऊन बसलो. आली अक्कांची हकीकत. अक्का गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती. त्या गेल्यावर बाईंचं वाचन बंद पडलं. जन्मभर वाचत आलेली बाई, चार भिंतींना पुस्तकं, आणि एकही पुस्तक आत घेईना. कुठलंही उघडलं की डोक्यात व्याख्यान सुरू व्हायचं. वर्गात त्या शिकवायच्या ते आठवणीवर. घरी जाऊन नुसत्या बसायच्या. एक दिवस कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी चौथीचं पुस्तक स्वयंपाकाच्या ओट्यावर विसरली. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. त्या दुपारी त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा एका विद्यार्थ्याचं ट्यूटोरियल आठवलं. त्याचं नाव आठवलं नाही, मुंग्या आठवल्या. पुढं रद्दीवाल्यांकडं फिरून त्यांनी जुनी पुस्तकं गोळा केली.

मी म्हणालो, "मग मार्क वाढवा."

"आता?"

"आता. आठ द्या."

"दोन."

"सहा करा. पाच करा आणि विषय मिटवू."

"चौगुले, दोन." भाजीबाजारातल्यासारख्या त्या सरळ समोर बघत होत्या. "ते ट्यूटोरियल वाईट होतं. चार पानं नुसतं बरं वाटलं, बरं वाटलं. कुणाला वाटलं, कुठं, कशानं, एक ओळ नाही."

"वडील दवाखान्यात होते," मी म्हणालो. "त्यांना वाचून दाखवायचो. त्यांना झोप लागायची."

खाली मोर ओरडला. बाई त्याचं होईपर्यंत थांबल्या.

"हे लिहिलं नाहीत."

"ट्यूटोरियलमधी बापाचं दुखणं लिवू व्हय?" माझा आवाज चढला.

"मग मी ते कुठं वाचणार होते?"

मी आणखी तापलो. म्हणालो, निदान त्या पोरांना तरी सांगा हे कुणाचं आहे. तर म्हणाल्या, तासात बोलायचं नाही असा नियम आहे. मी म्हणालो, ती लाल ओळ तरी चुकली होती असं म्हणा. त्या म्हणाल्या, "बरं वाटणं हा निकष नाही. आजही लिहीन. ती गरज आहे. निकष आणि गरज यांची गल्लत आपण केलीत, मी नाही." मी दार आपटून निघालो. यार्डात पोचल्यावर कळलं की पेन डब्यातच राहिलं.

ते पेन आणायला पुढच्या गुरुवारी गेलो. तीन वाजले होते, तास सुरू होणार होता. बसलो. त्यानंतर किती गुरुवारी माझं पेन त्या डब्यात राहिलं, हे ऋतुजा हसून सांगते. मी तिला म्हणायचो, बाईंशी हिशेब बाकी आहे म्हणून जातो. ते खोटं नव्हतं.

एका स्थानिक पेपरात त्या तासाबद्दल छापून आलं. ही कल्पना कुठून सुचली, असं बाईंना विचारलं होतं. उत्तर छापलं होतं, एका विद्यार्थ्याकडून. नाव नाही. मी दुकानातनंच फोन लावला आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, नाव का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, "नाव सांगितलं असतं तर मार्कही सांगावे लागले असते." आणि फोन ठेवला.

ऋतुजाचं एम.ए. पुरं झालं. नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. बाईही निवृत्त झाल्या. पुढं त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, मधोमध धुकं. अक्षर नेमकं मधेच असतं. ऋतुजा गुरुवारी राजारामपुरीत जाऊन त्यांना वाचून दाखवायची. तिला पुण्यात नोकरी लागल्यावर तिनं मला विचारलं नाही, परस्पर बाईंना सांगितलं की आता पप्पा येतील.

मी गेलो. माझा आवाज सौद्यात तयार झालेला. पहिल्याच ओळीला बाईंनी हात वर केला. "चौगुले, पुस्तक लिलावात काढलंय का?" तेव्हापासून मी खालच्या पट्टीत वाचायला शिकलो. बायको म्हणाली, घरात पण तसंच बोललासा तर बरं हुईल. बाई माझ्याकडनं वाचून घ्यायच्या ती सगळी जड पुस्तकं, समीक्षेची, इतिहासाची. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. चुकीच्या जागी थांबलो की त्या दुरुस्त करायच्या. शेळीचं पुस्तक कपाटात समोर दिसायचं, पण ते त्यांनी कधी मागितलं नाही आणि मीही काढलं नाही. ते पोरांसाठी होतं. मार्कांचा विषय मी दर गुरुवारी काढायचो. दोन, असं उत्तर यायचं आणि आम्ही चहा प्यायचो.

शेवटचा गुरुवार मला शेवटचा म्हणून ठाऊक नव्हता. चारचा सुमार असेल. आठवड्याभरात बाई एकदम खंगल्यासारख्या दिसत होत्या. अक्कांच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या, छत्री खुर्चीला टेकवलेली, मूठ हातात. घरातही ती जवळ लागायची. मी नेहमीचं जाड पुस्तक उघडून खूण कुठं आहे ते शोधत होतो. बाई म्हणाल्या, आज जड नको. मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ते काढा.

कुठलं, हे मी विचारलं नाही. कपाटातनं काढलं आणि वाचायला लागलो. म्हातारी उठली, शेळी सोडली, माळावर गेली.  अभिनय करायचा नाही. म्हातारी ओढ्यापर्यंत जाऊन आली तेव्हा बाईंनी डोळे मिटले होते. शेळी दारात आली. धडा संपला. मी थांबलो.

बाईंची मान एका बाजूला कलली होती. तोंड जरासं उघडं, श्वास संथ चाललेला. छत्रीची मूठ हातातनं सुटून खुर्चीच्या कडेला अडकली होती. मी बघत बसलो. इतकी वर्षं मी मागत होतो ते समोर होतं. उठवावं आणि म्हणावं, बाई, आता सांगा, आता किती देता? इतका पक्का माल हातात घेऊन मी आयुष्यात कुठल्या सौद्यात गप्प बसलेलो नाही.

पण साकु कुणी म्हटलं नव्हतं. मी पान उलटलं आणि आवाज खाली ठेवून पुढचा धडा वाचायला लागलो.